सुतारकामाचा बेंच आणि दुरुस्तीचा बेंच: दिसायला भाऊ, स्वभाव वेगळे

गॅरेजमध्ये वर्कबेंच बनवायचं ठरलं की पहिलं काम काय, तर व्हिडिओ बघणं. एका व्हिडिओत जाडजूड लाकडी टॉपवर कुणीतरी रंधा मारतोय, दुसऱ्यात जवळपास तेवढ्याच लांबी-रुंदीच्या बेंचवर इंजिनचे पार्ट उघडून मांडलेत, आणि दोन्हीकडे नाव एकच, वर्कबेंच. मग आपण एकाचा टॉप उचलतो, दुसऱ्याचे पाय उचलतो, व्हाइस (काम घट्ट पकडून ठेवणारा शेगडा) जो मिळेल तो लावतो, आणि शेवटी जे उभं राहतं त्यावर ना धड फळी साफ करता येत ना धड गंजलेला बोल्ट निघत.

हे दोन वेगळे प्राणी आहेत. फरक लाकूड-लोखंडाचा नाही, स्वस्त-महागाचाही नाही. जोर कुठल्या दिशेनं लागणार आहे, सगळं त्यावर ठरतं, बाकीच्या गोष्टी त्याच्या मागून आपोआप येतात.

सुतारकामात जोर आडवा लागतो. रंधा मारताना तुम्ही नुसता हात नाही चालवत, अख्खं अंग पुढे ढकलता, आणि तो सगळा धक्का बेंचच्या टॉपला जमिनीशी समांतर बसतो. पाय जमिनीवर टेकलेले आणि टॉप पुढे चाललेला, म्हणजे चौकोनी फ्रेम तिरकी व्हायला बघते. नुसत्या खिळ्या-स्क्रूवर जोडलेल्या फ्रेमचे सांधे यातच ढिले होतात आणि मग बेंच दर फटक्याला डुलतो, म्हणजे तुमची निम्मी ताकद फळीऐवजी बेंच हलवण्यात जाते. दुरुस्तीच्या बेंचवर बहुतेक जोर सरळ खाली असतो, जड गिअरबॉक्स ठेवला, हातोडा मारला, काहीतरी दाबून बसवलं. त्याला पाय मजबूत लागतात, टॉप मधे झुकता कामा नये, आडव्या धक्क्याची काळजी कमी. अपवाद एकच आणि तो महत्त्वाचा आहे: व्हाइसमध्ये पाइप पकडून लांब पान्यानं पिळायला लागलात की अख्खा बेंच गोल फिरायला बघतो. म्हणून हा बेंच भिंतीला बोल्ट करून टाकणं सगळ्यात सोपं, विटांची किंवा काँक्रीटची भिंत असेल तर अँकर बोल्टनं, लाकडी फ्रेमची भिंत असेल तर आतल्या उभ्या पट्ट्या शोधून त्यांच्यातच, वरवरच्या बोर्डात स्क्रू मारून उपयोग नाही.

सुतारकामाचा बेंच मात्र भिंतीला चिकटवला की हाताला अडचण होते. मोठी पॅनेल जोडताना, कपाटाची चौकट आवळताना मागच्या बाजूनंही जावं लागतं, लांब फळी आडवी टाकली तर ती पलीकडे बाहेर यायला जागा हवी. मग भिंतीचा आधार नाही तर स्थिरता आणायची कुठून? वजनातून आणि सांध्यातून. असा बेंच शंभर-सव्वाशे किलोचा झाला तर ती चूक नाही, तो फायदा आहे. 18 मिमीची आठ बाय चार फुटांची एमडीएफची, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेल्या बोर्डाची शीट साधारण चाळीस किलो भरते, ती लांबीत अर्धी कापून दोन थर चिकटवले की आठ बाय दोनचा टॉप स्वतःच चाळीस किलोचा होतो, ही वजन वाढवायची सगळ्यात कमी खटपटीची रीत. खाली पायांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या रुंद घ्यायच्या, खोबणी करून बसवायच्या किंवा जाड बोल्टनं आवळायच्या, म्हणजे लाकूड सुकून सांधा सैल झाला तर पाना घेऊन परत टाइट करता येतं. मागच्या बाजूला पायांच्या मधे प्लायचा एक तुकडा मारला तरी डुलणं एकदम कमी होतं, फ्रेमला तिरकं व्हायला तो देतच नाही.

हा टॉप नेमका कसा असावा यावर लोक इतकं भांडतात की मूळ मुद्दा राहूनच जातो. सुतारकामाचा टॉप हा नुसता ठेवायला नसतो, तो स्वतः एक हत्यार असतो. तो सपाट हवा, खरंच सपाट, कारण मधे दोन मिलिमीटरचा खळगा असेल तर पातळ फळी रंध्याखाली त्या खळग्यात दबते, रंधा तिथे लाकूड घेतच नाही, आणि फळी उचलल्यावर परत सरळ होऊन तिथे उंचवटा दिसतो. तुम्ही धार लावत बसता आणि दोष बेंचचा असतो. शिवाय या टॉपला भोकं लागतात, बहुतेक 19 किंवा 20 मिमीची, त्यात बेंच डॉग म्हणजे खुंट्या घालून काम अडवता येतं, आणि होल्डफास्ट म्हणून वाकडा लोखंडी दांडा मिळतो, तो भोकात टाकून वरून एक हातोडी मारली की फळी दाबून बसते, मागून एक टोला दिला की सुटते. पण होल्डफास्टला टॉपची जाडी लागते, दोन इंचांच्या खाली गेलात की पकड रडायला लागते, मग भोकाच्या खालून लाकडाचा ठोकळा चिकटवून जाडी वाढवावी लागते. आणि टॉपला चकाचक व्हार्निश मारू नका, काम घसरतं, पातळसा तेलाचा हात पुरे.

दुरुस्तीच्या टॉपला हे काहीच नको. थोडा खड्डा असला तर कुणाचं काय बिघडतं. तिथे प्रश्न तेल, ग्रीस, पेट्रोल, बॅटरीचं अॅसिड यांचा असतो, त्यामुळे पुसता येईल असा पृष्ठभाग पाहिजे. उघडं एमडीएफ इथे अजिबात नको, पाणी पिऊन फुगतं आणि कडा पावासारख्या सुटतात. दोन थर प्लाय आणि त्यावर पातळ हार्डबोर्डचा थर नुसता स्क्रूनं बसवला की खराब झाल्यावर तेवढाच काढून उलटा टाकायचा किंवा बदलायचा, हा माझ्या मते सगळ्यात शहाणा उपाय. दीड-दोन मिमीचा पत्रा वाकवून घालणारेही खूप आहेत, मार खायला पत्र्यासारखं काही नाही, पण त्यावर सर्किट बोर्ड किंवा बॅटरीची कामं करणार असाल तर खाली रबरी मॅट टाका, विजेला पत्रा म्हणजे मोकळा रस्ता. आणि पटाशी हातातून सटकून पत्र्यावर पडली तर धारेचं काय होतं ते सांगायला नको. समोरच्या कडेला छोटी उभी पट्टी लावली तर बेअरिंगच्या गोळ्या, वॉशर खाली लोळत नाहीत. हीच पट्टी सुतारकामाच्या बेंचवर लावली तर वैताग येईल, कारण तिथे प्रत्येक फळी कडेच्या बाहेर काढायची असते.

आता व्हाइस, म्हणजे शेगडा. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो कारण दुकानात दोन्ही एकाच रॅकवर ठेवलेले असतात.

लोखंडकामाचा व्हाइस टॉपच्या वर बसतो. त्याचे जबडे खरखरीत दात्यांचे असतात, कानस मारताना किंवा बोल्ट पिळताना काम सुटू नये म्हणून, आणि मागच्या बाजूला बऱ्याचदा छोटी ऐरणीसारखी जागा असते. तो बेंचच्या पायाच्या अगदी वर लावायचा, मधे लटकत्या टॉपवर नाही, आणि लाकडी स्क्रूनं तर मुळीच नाही, आरपार बोल्ट आणि खाली मोठे वॉशर. एक बारीक गोष्ट लोक विसरतात: मागचा स्थिर जबडा टॉपच्या कडेपेक्षा केसभर पुढे आला पाहिजे, नाहीतर लांब पाइप उभा पकडायला गेलात की तो बेंचच्या कडेला अडतो. फिरणारा बेस सोयीचा वाटतो पण जोरात पिळताना तोच पहिला सरकतो, ज्यांना ठोकाठोकी जास्त त्यांनी स्थिर बेसचाच घ्यावा.

सुतारकामाचा व्हाइस उलट, टॉपच्या खाली आणि कडेला बसतो. त्याच्या जबड्यांची वरची कड टॉपच्या पातळीत किंवा जरा खाली ठेवतात आणि आतून लाकडी फळ्या लावतात, म्हणजे कामावर वळ उठत नाहीत आणि रंध्याचं पातं चुकून लोखंडाला लागत नाही. चांगल्या व्हाइसचा पुढचा जबडा वरच्या बाजूला किंचित आत झुकलेला असतो, तो बिघाड नाही, मुद्दाम केलेलं असतं, आवळल्यावर वरची कड आधी पकडते आणि मग बाकीचा जबडा बसतो. उजव्या हाताचा माणूस उजवीकडून डावीकडे रंधा मारतो म्हणून हा व्हाइस डाव्या टोकाला, डावखुऱ्यांनी सरळ उलटं करावं. आणि बेंचचे पुढचे पाय टॉपच्या कडेच्या सरळ रेषेत असतील तर लांब फळी एका टोकाला व्हाइसमध्ये आणि दुसऱ्या टोकाला पायाला क्लॅम्प करून उभी धरता येते. 18व्या शतकातल्या फ्रेंच सुतार रूबोच्या नावानं ओळखला जाणारा बेंच याच कारणासाठी आजही लोक बनवतात. दुरुस्तीच्या बेंचला मात्र टॉप पायांच्या पुढे दोन-तीन इंच आलेला बरा, क्लॅम्प लावायला जागा मिळते आणि पायाची बोटं आपटत नाहीत.

उंचीचा हिशेबही याच्याशीच बांधलेला आहे. सरळ उभं राहून हात खाली सोडा, मनगटाची घडी जिथे येते ती हातरंध्याच्या बेंचची उंची, साडेपाच फुटांच्या आसपासच्या माणसाला साधारण 32-33 इंच. खाली असल्यामुळे अंगाचं वजन कामावर टाकता येतं. लोखंडकामात मोजायचं टॉपपासून नाही, व्हाइसच्या जबड्याच्या वरच्या कडेपासून, आणि ती कड कोपराच्या उंचीला यावी, तरच कानस आडवी सरळ चालते. त्याच माणसाचं कोपर साधारण 42 इंचांवर येतं, मधल्या आकाराचा व्हाइस सहा-सात इंच उंच, म्हणजे टॉप 35-36 इंच. फरक जेमतेम तीन इंचांचा, ऐकायला काहीच नाही, पण उंच बेंचवर तासभर रंधा मारा, खांदे सांगतील. ज्याचा रंध्याशी संबंधच नाही, सगळं इलेक्ट्रिक मशिनवर करतो, त्यानं 35-36 इंचांकडे जावं.

टॉपच्या खालची जागा हा तसा छोटा विषय. दुरुस्तीवाल्यानं खाली गच्च ड्रॉवर भरावेत, सॉकेट, पाने सगळं हाताशी. सुतारानं टॉपच्या लगेच खाली किमान पाच-सहा इंच मोकळे ठेवावेत, नाहीतर होल्डफास्टचा दांडा ड्रॉवरमध्ये घुसतो आणि क्लॅम्प लावता येत नाही, आणि डॉगच्या भोकांतून पडणारा भुसा ड्रॉवरमध्ये जमतो तो वेगळाच.

बरं, गॅरेज एकच, जागा एकच, दोन बेंच कुठून आणायचे? बहुतेकांची खरी अडचण हीच. माझं मत स्पष्ट आहे: गाडीचं काम करणार असाल, अगदी महिन्यातून एकदा का होईना, तर दुरुस्तीचाच बेंच आधी बनवा. कारण त्यावर सुतारकाम आणता येतं. मॉक्सन व्हाइस मिळतो किंवा घरी करता येतो, दोन स्क्रू आणि दोन जाड फळ्या, तो टॉपवर क्लॅम्प केला की फळी उभी धरायची सोय झाली आणि उंचीही चार-सहा इंच वर आली, सांधे कापायला ती उंची उलट बरीच. रंध्यासाठी पुढे एक आडवी पट्टी स्क्रू करून काम अडवायचं, वर स्वच्छ प्लायचा तुकडा टाकायचा. उलट दिशेनं जमत नाही. लाकडी टॉपमध्ये एकदा ग्रीस-ऑइल मुरलं की त्यावर ठेवलेल्या प्रत्येक फळीला डाग लागतो आणि जिथे डाग तिथे ग्लू नीट धरत नाही, पॉलिश तर त्याहून नाही. ज्याच्याकडे सुतारकामाचाच बेंच आहे आणि कधीमधी लोखंड पकडायचंय त्यानं छोटा लोखंडी व्हाइस एका जाड लाकडी ठोकळ्यावर बोल्ट करून ठेवावा, लागेल तेव्हा तो ठोकळा लाकडी व्हाइसमध्ये आवळायचा, काम झालं की कपाटात.

चाकांबद्दल लोक हमखास विचारतात. लॉकवाली चाकं दुरुस्तीच्या बेंचला चालून जातात, रंध्याच्या बेंचला नाही, लॉक केलं तरी चाक आपल्या खिळीवर थोडं हलतंच. पायडल दाबून वर उचलली जाणारी चाकं घ्या म्हणजे काम करताना पाय थेट जमिनीवर येतात. गॅरेजची फरशी बहुधा दाराकडे उतरती असते, पाणी बाहेर जावं म्हणून, त्यामुळे पायांना लेव्हलिंग बोल्ट लावा आणि बेंच जिथे राहणार तिथेच लेव्हल करा.

मांडणीत एक गोष्ट दोघांना सारखी, आरसीडी, म्हणजे करंट गळायला लागला की लगेच वीज तोडणारा स्विच लावलेला पॉइंट हवाच, 30 मिलिअँपिअरचा. बाकी लाइटपासून फरक सुरू होतो. दुरुस्तीला वरून भरपूर, सावली न पडणारा उजेड, दोन ट्यूब डोक्याच्या थोड्या पुढे, ट्यूब मागे असली तर आपल्याच डोक्याची सावली इंजिनात पडते. सुतारकामाला वरच्या उजेडाबरोबर बाजूनं येणारा एक तिरका दिवा ठेवा, त्यात फळीवरचे उंचवटे-खळगे लगेच दिसतात. बेंच ग्राइंडर सुतारकामाच्या बेंचवर लावू नका, भुशात ठिणग्या पडतात, त्याला वेगळा स्टँड किंवा गॅरेजचा दुसरा कोपरा द्या. आणि जवसाच्या तेलानं लाकडाला हात मारलात तर त्या चिंध्या गोळा करून डब्यात कोंबू नका, ते तेल सुकताना गरम होतं आणि चिंध्या आपोआप पेटू शकतात. पसरून बाहेर वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा.