कंटेनर क्रेनच्या मूव्ह वाढवायच्या आहेत? आधी सेकंद मोजा

"तासाला मूव्ह वाढल्या पाहिजेत," अशी चौकशी आली की बहुतेक वेळा पुढची मागणी हॉइस्टच्या, म्हणजे उचलणाऱ्या यंत्रणेच्या, मोठ्या मोटरची असते. (मूव्ह म्हणजे एक कंटेनर, आमच्या भाषेत बॉक्स, उचलून दुसरीकडे ठेवणे.) भोसरीच्या आमच्या वर्कशॉपमध्ये क्रेनचे ड्राइव्ह, कंट्रोल पॅनेल आणि स्प्रेडर, म्हणजे बॉक्स वरून पकडणारी चौकट, यांची कामे होतात. मोटर विकली तर आमचाही धंदा होतोच, तरीही ऑर्डर देण्याआधी हे पत्रक वाचावे अशी विनंती आहे. वेळ बहुधा दुसरीकडेच जात असतो.

साधा हिशेब करू. यार्डातली रबर टायरची गॅन्ट्री, म्हणजे आरटीजी, तासाला 24 मूव्ह देत असेल तर एका मूव्हला 150 सेकंद पडतात. बॉक्स 10 मीटर उचलायला मिनिटाला 20 मीटर वेगाने 30 सेकंद लागतात. वेग 25 मीटर केला तर 24 सेकंद लागतील, म्हणजे 6 सेकंद वाचले. पण 30 टनांचा बॉक्स आणि सुमारे 10 टनांचा स्प्रेडर आणि त्याला दोरांशी जोडणारा हेडब्लॉक धरला, तर उचलण्याची शक्ती 131 किलोवॉटवरून 164 किलोवॉटवर जाते. मग मोटरपाठोपाठ गिअरबॉक्स, ब्रेक, ड्राइव्ह आणि जनरेटर हे सगळेच तपासावे लागते. त्याऐवजी बॉक्स जागेवर बसवताना जाणाऱ्या वेळेतले 15 सेकंद काढता आले, तर मूव्ह 135 सेकंदांवर येते आणि तासाला जवळपास 27 मूव्ह होतात.

हेलकावा

हे 15 सेकंद जातात कुठे? ऑपरेटरच्या केबिनमध्ये बसून खाली पाहा. ट्रॉली, म्हणजे क्रेनवर आडवी सरकणारी गाडी, ट्रेलरवर येऊन थांबते, पण बॉक्स थांबत नाही. तो पुढे जातो, मागे येतो, आणि खालचा माणूस हात वर करून उभा राहतो. ऑपरेटर तो शांत होण्याची वाट पाहतो किंवा ट्रॉली पुढे-मागे करून त्याला आवरतो.

झोपाळ्याचा नियम इथेही लागू होतो: एका हेलकाव्याचा वेळ दोराच्या लांबीवर ठरतो, वजनावर नाही. भरलेला बॉक्स जास्त वेळ झुलतो असे यार्डात सर्रास म्हणतात, पण लांबी तीच असेल तर रिकामा आणि भरलेला बॉक्स सारख्याच तालात झुलतात. मीटरमधल्या लांबीचे वर्गमूळ काढून दुप्पट करा, सेकंदांत उत्तर मिळेल. 4 मीटरला 4 सेकंद, 9 मीटरला 6, 16 मीटरला 8. लांबी ट्रॉलीपासून बॉक्सच्या गुरुत्वमध्यापर्यंत धरायची. तिरप्या दोरांच्या रचनेत आकडा थोडा बदलतो, पण अंदाजाला हा हिशेब पुरतो.

यातूनच उपायही निघतो. ट्रॉलीला सारख्या त्वरणाने बरोबर एका पूर्ण हेलकाव्याइतका वेळ वेग दिला, तर वेग गाठल्यावर झोका उरत नाही. किंवा वेगाचा हुकूम दोन समान हिश्श्यांत द्यायचा, दुसरा हिस्सा अर्ध्या हेलकाव्यानंतर. पहिल्याने उठवलेला झोका दुसरा मारून टाकतो. अनुभवी ऑपरेटर हेच हाताने करतो: बॉक्स पुढच्या टोकाला पोहोचला की ट्रॉली नेमकी त्याच्या डोक्यावर आणून थांबवतो. अँटी-स्वे प्रणाली हेच काम दर मूव्हला, शिफ्टच्या शेवटच्या तासातसुद्धा करते. तुमच्या ट्रॉलीला व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, असेल तर बऱ्याचदा नवी मोटर लागत नाही. दोराची लांबी कळण्यासाठी हॉइस्टला एन्कोडर (फेरे मोजणारा सेन्सर) आणि कंट्रोलरमध्ये प्रोग्रॅम एवढ्यावर भागते.

एक गोष्ट आधीच सांगतो. असा नुसता प्रोग्रॅम वारा ओळखत नाही. वळवाच्या वाऱ्यात किंवा उघड्या माळावरच्या यार्डात ट्रॉलीखाली कॅमेरा आणि स्प्रेडरवर परावर्तक लावून झोका प्रत्यक्ष मोजावा लागतो. खर्च वाढतो, म्हणून तुमची जागा पाहिल्याशिवाय आम्ही तो सुचवत नाही.

स्प्रेडर

स्प्रेडर बॉक्सवर टेकला की चारही कोपऱ्यांच्या लँडिंग पिन दाबल्या गेल्या पाहिजेत, मग बॉक्सच्या कोपऱ्यांत अडकणारे ट्विस्टलॉक 90 अंशांत फिरतात, आणि "लॉक झाले" हा सिग्नल आल्यावरच हॉइस्ट चालते. एका सेन्सरचा सिग्नल आला नाही तरी सगळे जागच्या जागी थांबते. ऑपरेटर पुन्हा उचलतो, पुन्हा टेकवतो. ब्रेकडाउनच्या नोंदीत हे येत नाही, कारण क्रेन तशी "चालू" असते.

पावसाळ्यात याचे मूळ बहुधा कनेक्टरमध्ये शिरलेले पाणी, सैल झालेला सेन्सर किंवा स्प्रेडर केबलच्या आत तुटलेली तार यांत सापडते. पावसाआधी हे तीनही तपासून घ्या. सेन्सर बायपास करून द्या, अशी मागणी आम्हाला होते. ते काम आम्ही करत नाही, कितीही घाई असली तरी. 20 आणि 40 फुटी बॉक्सचे एकूण वजन 30,480 किलो किंवा त्याहूनही जास्त असू शकते, आणि खाली माणसे असतात.

थप्पी

चार थरांच्या थप्पीतला तळाचा बॉक्स हवा असेल तर आधी तीन हलवावे लागतात. कोणता बॉक्स लागेल हे माहीत नसेल, तर सरासरी दीड जादा मूव्ह पडते, आणि त्या मूव्हचे बिल कोणी देत नाही. न्हावा शेवा बंदराची कट-ऑफ वेळ, म्हणजे जहाजासाठी बॉक्स पोहोचवण्याची शेवटची वेळ, जवळ आली की चाकण, रांजणगावचे ट्रेलर एकदमच गेटवर येतात. बोरघाटात वाहतूक अडली तर आणखीच. कोणता ट्रेलर कोणता बॉक्स नेणार हे आदल्या संध्याकाळी कळले, तर रात्रपाळीत मोकळ्या वेळी थप्पी लावून ठेवता येते. यासाठी आमच्याकडून काही विकत घ्यावे लागत नाही.

डिझेल

40 टन 12 मीटर खाली उतरताना सुमारे 1.3 युनिट ऊर्जा सुटते. त्यातली थोडी घर्षणात जाते, बाकीची जुन्या आरटीजीत ब्रेक रेझिस्टरमध्ये तापून वाया जाते. बॅटरी किंवा सुपरकपॅसिटर ती साठवून पुढच्या उचलीला देतात, आणि मग लहान इंजिन पुरते. मात्र क्रेन दिवसाचा बराच वेळ उभी असेल, तर आधी थांबल्यावर इंजिनचा वेग आपोआप उतरवणारी सोय करा. साठवणुकीचा खर्च अशा यार्डात लवकर वसूल होत नाही.

आम्ही येण्याआधी

आमचा माणूस एक पूर्ण शिफ्ट थांबून प्रत्येक मूव्हचे तुकडे मोजतो: उचलणे, ट्रॉली, झोका थांबणे, लॉक, ट्रेलरची वाट. शेवटचा आकडाच सर्वांत मोठा निघाला तर क्रेनवर खर्च करू नका, असे आम्ही लेखी देतो. तोवर ड्राइव्हच्या नेमप्लेटचा फोटो, वायर रोप बदलल्याची तारीख आणि गेल्या पावसाळ्यातल्या फॉल्टची यादी काढून ठेवा. मोजणीच्या दिवशी नेहमीचाच ऑपरेटर केबिनमध्ये असू द्या, आणि त्याला आधी सांगा की मोजणी क्रेनची आहे, त्याची नाही.