दुधी की कोवळा कोहळा? पूर्व लंडनच्या मांडवावरचा घोळ

पूर्व लंडनमध्ये सिलेटकडून आलेली बांगलादेशी कुटुंबं परसात जागा मिळेल तिथे मांडव घालतात. ब्रिक लेनजवळ १९७८ पासून असलेल्या स्पिटलफील्ड्स सिटी फार्मवर बांगलादेशी बायका एकत्र येऊन अशाच भाज्या पिकवतात. त्या मांडवांवर लोंबणारं प्रत्येक हिरवं, लांबट फळ आपण दुधी म्हणून मोकळे होतो. पण त्यात कोवळा कोहळाही असतो. बंगालीत दुधीला लाउ म्हणतात, कोहळ्याला चालकुमडा. चिनी दुकानातलं ‘माओ ग्वा’ म्हणजेही कोहळाच, कोवळा खायच्या वाणाचा.

फळावरून ओळखू जाल तर फसाल, कारण कोवळेपणी लव दोघांनाही असते. दुधीची मखमली, कोहळ्याची राठ, बोटांना टोचणारी. फूल मात्र चुकू देत नाही. दुधीचं पांढरं, कोहळ्याचं पिवळं. शिवाय दुधी संध्याकाळी फुलतो आणि रात्रीच्या पतंगांची वाट बघतो. कोहळा सकाळी फुलतो, त्याचं काम मधमाश्या करतात. लंडनमध्ये ही वेळ फार महत्त्वाची. थंडीमुळे वेल अनेकदा प्लास्टिकच्या बोगद्यात वाढवतात, तिथे किडे कमी, म्हणून नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलाला हाताने लावावे लागतात. मादी फुलामागे इवलंसं फळ आधीच असतं. जूनमध्ये तिथे सूर्य नऊनंतर मावळतो, त्यामुळे दुधीवाल्याचं हे काम जेवणं आटोपल्यावरचं. सकाळी गेलात तर कोमेजलेली फुलं हाती येतील.

स्वयंपाकात दुधीचं काहीच वाया जात नाही. कोवळे शेंडे आणि पानं बंगाली घरात पालेभाजी म्हणून शिजतात, फोडी कोळंबीबरोबर. ही पानांची भाजी आपणही करायला हवी, असं मला मनापासून वाटतं. एक मात्र सांभाळा: दुधी कडू लागला तर सरळ फेकून द्या. त्यातलं विष शिजवूनही जात नाही, आणि कडू दुधीच्या रसाने भारतात माणसं दगावली आहेत.

कोहळा पिकला की अंगावर पांढरी राख धरतो आणि महिनोन्‌महिने टिकतो. त्यासाठी लांब उन्हाळा लागतो, म्हणून लंडनच्या परसातला बहुधा कोवळाच खुडतात. सांडगे घालायचे असतील तर तो कामाचा नाही. दुकानातून राख धरलेला जून कोहळा आणा.