वैशाखातलं ऊन आणि बाहव्याचं बी

बाल्कनीत औषधी झाडं लावणाऱ्या मुंबईकरांची एक तक्रार ठरलेली असते: बी पेरलं, पाणी घातलं, उगवलंच नाही. अनेकदा बी चांगलंच असतं, चुकलेली असते ती ऊब.

उबेचं हे गणित १८६० साली युलिउस झाक्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने मांडलं. रुजण्यासाठी प्रत्येक बियाला एक किमान, एक कमाल आणि या दोहोंच्या मधलं एक सर्वांत मानवणारं तापमान असतं. कोकणातला शेतकरी तापमापकाशिवाय हाच अंदाज बांधत आला. मृगाच्या तोंडावर तापलेल्या कोरड्या मातीत भाताची धूळवाफ करायची आणि पावसाची वाट पाहायची.

बाहव्याची शेंग फोडली की चिकट काळ्या गरात एकेका कप्प्यात एकेक बी चकतीसारखं बसलेलं दिसतं. हाच गर वैद्य सौम्य रेचक म्हणून देतात. बी मात्र इतकं कडक, की त्याच्या कवचातून पाणीच शिरत नाही. १९६०च्या दशकात ऑस्ट्रेलियात शेंगवर्गातल्या कठीण बियांवर प्रयोग झाले. दिवसा तापणं आणि रात्री निवणं वारंवार घडलं की कवच कमकुवत होतं, असं त्यांत दिसलं. उघड्या माळावर ही तफावत मोठी असते. मुंबईत मे महिन्यात दिवसा ३३ आणि रात्री २७ अंशांच्या आसपास पारा असतो, त्यात बाल्कनीची सावली. कवच फुटणार कसं?

म्हणून मी बियाची एक कड पॉलिश पेपरवर घासते, आतला पांढुरका भाग दिसेपर्यंतच, आणि रात्रभर पाण्यात ठेवते. सकाळी ते दुप्पट फुगलेलं असतं. न घासलेलं शेजारचं बी तसंच टणक.

पण सगळ्याच बियांना हा न्याय लावू नका. १९७३मध्ये बियांचे अभ्यासक ई. एच. रॉबर्ट्स यांनी बियांचे दोन गट पाडले: वाळवून थंड जागी टिकणाऱ्या आणि वाळवल्यास मरणाऱ्या. आपलं जांभूळ दुसऱ्या गटातलं. मधुमेहावर म्हणून बियांची पूड करून ठेवा, हवं तर, पण पेरायचं बी फ्रीजमध्ये ठेवू नका. जांभूळ खाल्लंत की बी धुऊन लगेच ओल्या मातीत टाका. कधीकधी एकाच बियातून दोन-तीन रोपं वर येतात.