संग्रहालयात बँड वाजणार आहे? आधी स्टेजची जागा पक्की करा

संग्रहालयाच्या दालनात इंडी, म्हणजे मोठ्या कंपन्यांशिवाय स्वतंत्रपणे केलेल्या, संगीताची संध्याकाळ ठरली की ध्वनियंत्रणा लावणाऱ्या आम्हाला पहिला फोन येतो तो बहुधा एकाच प्रश्नासाठी: "दोनशे माणसं असतील, किती वॅटची सिस्टिम लागेल?" प्रश्न रास्त आहे, पण तो नंतरचा. आधी ठरायला हवं ते हे, की बँड नेमका कुठे उभा राहणार. याचं उत्तर कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी बदललं की मांडलेलं सगळं उचलून पुन्हा मांडावं लागतं, आणि त्यात गेलेला वेळ शेवटी साउंड चेकमधूनच, म्हणजे कार्यक्रमाआधी आवाज जुळवून बघण्याच्या वेळेतूनच, कापला जातो. हे वारंवार होतं, म्हणून हे पत्रक.

दालनात आवाज का घुमतो

सभागृहात पडदे असतात, कापडी खुर्च्या असतात, पायाखाली गालिचा असतो. कलादालनात चकचकीत फरशी, उंच छत, काच आणि कोऱ्या गुळगुळीत भिंती. चित्रं बघायला अशी जागा उत्तम, पण आवाज कशातच मुरत नाही.

या विषयाचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला तोही एका कलासंग्रहालयातूनच. 1895 मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचं फॉग कलासंग्रहालय उघडलं आणि त्याच्या व्याख्यानगृहात वक्त्याचं बोलणं कुणाला नीट कळेना. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकावर ते काम सोपवलं गेलं. त्याने विद्यापीठाच्याच सँडर्स थिएटरच्या आसनांवरच्या गाद्या रात्री आणून खोलीत मांडल्या, ऑर्गनची एक नळी वाजवली आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजलं. रिकाम्या खोलीत तो साडेपाच सेकंदांच्या आसपास घुमत राहायचा. गाद्या वाढतील तसा हा काळ घटत गेला. खोलीचं घनफळ आणि आतल्या वस्तू शोषतात तो आवाज, या दोन गोष्टींवर हा काळ ठरतो, हे त्यातून सिद्ध झालं. आम्ही आजही त्याच सूत्राने हिशोब करतो.

उदाहरणार्थ, 20 मीटर लांब, 15 मीटर रुंद आणि 10 मीटर उंच दालन घ्या. रिकामं असताना त्यात आवाज पाच सेकंद घुमतो असं धरू. एक माणूस साधारण अर्धा चौरस मीटर उघड्या खिडकीइतका (तिथून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही) आवाज शोषून घेतो. दोनशे माणसं आली की घुमण्याचा काळ अडीच सेकंदांवर येतो. म्हणून संध्याकाळी रिकाम्या दालनात सगळं गढूळ ऐकू आलं तर घाबरून जाऊ नका. लोक आल्यावर निम्मा फरक पडतो. पण ड्रम आणि बास असलेल्या बँडसाठी एक सेकंदाच्या आसपासचा काळ बरा समजला जातो, तेव्हा अडीच सेकंदसुद्धा जास्तच आहेत.

मोठे स्पीकर लावले तर?

अॅम्प्लिफायरची ताकद दुप्पट केली की आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला सुमारे 10 डेसिबल, म्हणजे दहापट ताकद लागते. शिवाय मुख्य आवाजाबरोबर घुमणाराही तितकाच वाढतो. वर सांगितलेल्या दालनात साध्या स्पीकरपासून जेमतेम तीन मीटरवर दोन्ही आवाज सारखे होतात, आणि त्यामागे बसलेल्याला थेट आवाजापेक्षा घुमलेलाच जास्त ऐकू येतो. शब्द तिथेच हरवतात.

म्हणून आम्ही समोर दोन मोठे मनोरे उभे करत नाही. श्रोत्यांच्या जवळ, ठरावीक अंतरावर लहान स्पीकर लावतो आणि त्यांची तोंडं भिंतींकडे न ठेवता थोडी खाली, माणसांकडे वळवतो. "एवढेच स्पीकर?" असं काही जण विचारतात. दिसायला सामान कमी दिसतं हे खरं, पण मांडायला आणि जुळवायला जास्त वेळ लागतो. दहा मीटर मागच्या स्पीकरपर्यंत स्टेजवरचा आवाज पोचायला सुमारे 29 मिलिसेकंद लागतात, म्हणून तो स्पीकर तेवढा थांबवून वाजवावा लागतो. नाहीतर मागे बसलेल्यांना शब्द अस्पष्ट ऐकू येतात. हे सगळे आकडे स्टेजपासून मोजलेले असतात. स्टेज हललं की एकही आकडा कामाचा राहत नाही.

जागा का बदलते

बहुतेक वेळा जागा ठरते ती फोटोसाठी. मागे मोठं चित्र हवं, नाहीतर वर घुमट हवा. घुमटाचा आतला बाक आवाज गोळा करून परत खालीच फेकतो, त्यामुळे ड्रमरला आपलाच ठोका उशिराने कानावर येतो आणि लय सांभाळणं अवघड होतं. चित्राचं कारण याहून मोठं. दुपारी क्युरेटर (संग्रह आणि प्रदर्शनाची जबाबदारी सांभाळणारे) किंवा जतन विभागाचे लोक येतात, बघतात आणि नाही म्हणतात. त्यांचं बरोबरच असतं. बासच्या खालच्या स्वरांनी ताणलेला कॅनव्हास थरथरतो, काचेच्या फळीवरची लहान वस्तू कणाकणाने सरकते. कागदावरच्या कामांवर प्रकाश साधारण 50 लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) आत ठेवायचा असतो, आणि स्टेजचा एक दिवा सहज त्याच्या कितीतरी पट होतो.

समकालीन कलेची आणखी एक अडचण आहे. एखादी कलाकृती प्रोजेक्टरवर चालते, तिला अंधार लागतो. एखादीचा स्वतःचा आवाज असतो, तो बंद करायला कलाकाराची परवानगी लागते. जमिनीवर मांडलेली कलाकृती तर वाहतुकीच्या सामानासारखीच दिसू शकते. अशा वेळी संग्रहालयाच्या माणसाने आम्हाला बोट दाखवून सांगितलं की सामान उचलणारी आमची मुलं निर्धास्तपणे काम करतात.

आता चार वाजता "स्टेज तेवढं पलीकडच्या दालनात घेऊ" असं ठरलं, की काय काय हलतं ते पाहा. स्टेज आणि ड्रमखालचा गालिचा ही त्यातली सोपी कामं. वीज दुसऱ्या बोर्डावरून घ्यावी लागते, आणि तिथे दिव्यांचे डिमर (प्रकाश कमी-जास्त करणारी बटणं) जोडलेले असले तर स्पीकरमधून गुणगुण येते, ती शोधत बसावी लागते. जुन्या फरशीवर चिकटपट्टी लावता येत नाही म्हणून केबलवर रबरी पट्ट्या अंथरलेल्या असतात, त्या सगळ्या गुंडाळून नव्या वाटेने अंथरायच्या. आपत्कालीन दारासमोर काही आलं नाही ना, ते पुन्हा बघायचं. एवढं होईपर्यंत प्रेक्षक बाहेर थांबलेले असतात. संग्रहालय बंद होईपर्यंत ड्रमवर काठी टाकता येत नाही, म्हणजे खऱ्या साउंड चेकला मुळात एखादाच तास हाती असतो आणि तोच जातो. पहिली दोन गाणी मग श्रोत्यांसमोरच जुळवावी लागतात. बँडने महिनोन्महिने तयार केलेली गाणी अशी ऐकवली जाऊ नयेत, असं आम्हाला मनापासून वाटतं.

बँडला आधी सांगायच्या गोष्टी

पूर्ण ड्रमसेटऐवजी काहोन (हाताने वाजवायचं खोक्यासारखं लाकडी वाद्य), किंवा काठ्यांऐवजी ब्रश चालतील का, हे आम्ही दरवेळी विचारतो. यात कुणाच्या वाजवण्याला कमी लेखायचं नसतं. अशा दालनात स्नेअरचा (ड्रमसेटमधल्या खणखणीत वाजणाऱ्या छोट्या ड्रमचा) एक जोरदार फटका गाणाऱ्याची अख्खी ओळ गिळतो, आणि त्याला मायक्रोफोनही लागत नाही. स्टेजवरच्या मॉनिटरऐवजी (वादकांना स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरऐवजी) कानातले मॉनिटर वापरले तर गोंगाट आणखी घटतो. ते आमच्याकडे आहेत, फक्त आधी कळवा. धुराचं यंत्र मात्र आम्ही संग्रहालयात लावत नाही. त्याचे थेंब कलाकृतींवर बसतात आणि आग सूचना यंत्रणा वाजते ती वेगळीच.

संग्रहालयाला अंगण असेल तर त्याचाही विचार करा. न्यूयॉर्कचं मोमा पीएस1 संग्रहालय 1998 पासून उन्हाळ्यातली आपली संगीत मालिका अंगणातच भरवत आलं आहे. उघड्यावर डोक्यावर छत नसतं, त्यामुळे घुमण्याचा प्रश्न बराचसा मिटतो आणि पूर्ण ड्रमसेटही चालतो. शेजाऱ्यांपर्यंत आवाज किती जाईल तेवढं तपासावं लागतं.

आमच्याशी बोलताना

जागेची पाहणी आम्ही काम पक्कं होण्याआधीच करतो आणि तिचे वेगळे पैसे लावत नाही. दालनात एक टाळी वाजवून ती रेकॉर्ड केली की बराच अंदाज येतो. नंतर स्टेजच्या दोन जागा नकाशावर आखून देतो, एक आवाजासाठी सर्वांत चांगली आणि एक चालण्यासारखी. त्यातली एक क्युरेटरनी सही करून दिली की आमच्या बाजूने ती बदलत नाही.

फोन करण्याआधी दालनाचा नकाशा, त्या संध्याकाळी तिथे कोणत्या कलाकृती असतील त्यांची यादी, संग्रहालय बंद होण्याची वेळ आणि बँडची इनपुट लिस्ट (कोणती वाद्यं आणि किती मायक्रोफोन जोडायचे त्याची यादी) हाताशी ठेवा. बँड अजून ठरला नसेल तरी चालेल, पाहणी त्याआधीही करता येते. फक्त त्या वेळी क्युरेटर किंवा त्यांच्या वतीने निर्णय घेऊ शकणारं कुणीतरी सोबत असू द्या.