पाय परतला, हात का नाही? पक्षाघातानंतरच्या चालण्याची पार्श्वभूमी

बडोद्यात दांडिया बाजारातले आमच्या शेजारचे काका रोज सकाळी काठी टेकत सुरसागरापर्यंत जाऊन येतात. उजवा पाय गुडघ्यात न वाकता बाजूने अर्धवर्तुळ काढत पुढे येतो, त्या चपलेचे टोक घासून पातळ झाले आहे. सदऱ्याची बटणे मात्र अजूनही काकूंनाच लावावी लागतात. हात आणि पाय एकाच वेळी गेले होते, मग पाय आधी का परतला, या प्रश्नाला शंभरहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

मेंदूच्या एका बाजूला इजा झाली की विरुद्ध अंग लुळे पडते, हे प्राचीन ग्रीक वैद्यांनाही ठाऊक होते. १८७० मध्ये जर्मनीत फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूच्या पृष्ठभागाला वीज देऊन हालचालींची केंद्रे दाखवली, आणि पुढे मेंदूचे शल्यविशारद पेनफिल्ड यांच्या मेंदूच्या १९३७ च्या नकाशात पायाचे केंद्र दोन गोलार्धांच्या मधल्या, आतल्या बाजूला आढळले, तर हात आणि चेहऱ्याचे बाहेरच्या बाजूला. पक्षाघातात बहुधा बंद पडणारी मेंदूची ‘मधली’ म्हणवली जाणारी धमनी बाहेरच्या बाजूलाच रक्त पुरवते, त्यामुळे हाताला फटका जास्त बसतो.

पण उत्तराचा दुसरा भाग मेंदूच्या खाली दडला होता. १९११ मध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ ग्रॅहम ब्राउन यांनी दाखवले की मेंदूपासून तोडलेला मांजराचा मज्जारज्जूही मागच्या पायांच्या स्नायूंना आळीपाळीने आकुंचित करू शकतो, म्हणजे पावलांचा ताल पाठीच्या कण्यातच असतो. १९६८ मध्ये लॉरेन्स आणि कायपर्स यांनी माकडांच्या मेंदूतून उतरणारा, हालचालींचे आदेश नेणारा मुख्य मार्ग दोन्ही बाजूंनी तोडला. ती माकडे चालू आणि चढू लागली, पण एकेक बोट वेगळे हलवणे त्यांना जमेना; म्हणजे चालणे या मार्गाविना जमते, बोटांचे बारीक काम नाही. दोन पायांवर तोल सांभाळणारा माणूस वरच्या मेंदूवर माकडापेक्षा अधिक विसंबून असतो, हे मात्र विसरता येत नाही.

आज या मार्गाचे तंतू एमआरआयवर पाहता येतात. त्यातले किती वाचले हे महत्त्वाचे असते, म्हणूनच ‘चालतील ना?’ या घरच्यांच्या प्रश्नाला मेंदूतल्या इजेच्या डागाच्या केवळ आकारावरून उत्तर देता येत नाही. सारे तंतू एकत्र येतात त्या आतल्या अरुंद वाटेवर पडलेला छोटासा डागही संपूर्ण बाजू लुळी करू शकतो, तर अन्य ठिकाणी पडलेला मोठा डाग पाय शाबूत ठेवू शकतो.