पश्चिम आफ्रिकेतील कुऱ्हाड: पार्श्वभूमी

आपल्या कुऱ्हाडीच्या पात्याला भोक असते आणि दांडा त्यातून जातो. पश्चिम आफ्रिकेतल्या पारंपरिक कुऱ्हाडीत बहुधा याच्या उलट असते: भोक दांड्याला, आणि पात्याची निमुळती शेपटी त्यात ठोकलेली. या रचनेमागे लोखंडाची टंचाई आहे, असे आमचे मत आहे.

आधी दगड होता. घानातल्या किंटाम्पो संस्कृतीचे लोक सुमारे 4,000 वर्षांपूर्वी घासून गुळगुळीत केलेल्या दगडी कुऱ्हाडी वापरत. अशी जुनी पाती आजही शेतात सापडतात. नायजेरियातले योरूबा लोक ती विजेबरोबर आकाशातून पडली असे मानतात आणि शांगो या मेघगर्जनेच्या देवापुढे ठेवतात. शांगोचे आयुधही दुधारी कुऱ्हाडच.

बुर्किना फासोतल्या दुरूला येथील खनिजातून लोखंड काढायची भट्टी इ.स.पू. 8 व्या शतकातली आहे. 2019 मध्ये तिच्यासह त्या देशातल्या अशा जुन्या भट्ट्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. या भट्ट्यांत लोखंड वितळून वाहत नसे. वाहायचे ते लोहकीट, म्हणजे खनिजातला वितळलेला मळ. मागे उरलेला सच्छिद्र गोळा पुन्हापुन्हा तापवून, ठोकून त्यातला मळ काढावा लागे. भरपूर कोळसा जाळून हाती येणारे लोखंड थोडे. त्यात जाड, भोकाचे पाते घडवणे महाग पडे. शेपटीच्या पात्याला कमी लोखंड पुरते.

भार मग लाकडावर येतो. दांड्यासाठी गाठ किंवा मुळाकडचा फुगीर भाग असलेले कठीण लाकूड निवडतात, कारण तिथे लाकडाच्या तंतूंच्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या असतात. सरळ रेषेचे लाकूड घेतले तर शेपटी पाचरीसारखी शिरून दांडा उभा चिरते. भोक तापलेल्या सळईने जाळून पाडतात आणि शेपटीपेक्षा किंचित लहान ठेवतात. मग प्रत्येक घावागणिक पाते आणखी घट्ट बसते. भोक मोठे झाले किंवा ओले लाकूड वाळून आकसले, की पाते हलते. तेव्हा शेपटीभोवती चामड्याची पट्टी गुंडाळून ते पुन्हा ठोकतात.

पुढे किनाऱ्यावर युरोपीय व्यापाऱ्यांच्या लोखंडी कांबी आल्या. टोगोतल्या बासारच्या भट्ट्या तरीही विसाव्या शतकापर्यंत चालल्या. आता लोहार गाड्यांच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्यांपासून पाती घडवतात. हे पोलाद जुन्या लोखंडापेक्षा कडक, म्हणून पाणी देताना, म्हणजे तापलेले पाते एकदम थंड करून कडक करताना, काळजी हवी: पाणी जास्त बसले तर धारेचे टवके उडतात, कमी बसले तर धार वळते.