कैलास-मानसरोवर यात्रेचा अर्ज: पात्रता, कागदपत्रं आणि दिल्लीतली तपासणी

मानसरोवराच्या काठी उभं राहायचं असेल तर आधी साडेचार हजार मीटरच्या वर चढावं लागतं. पण त्याही आधी एक अर्ज भरावा लागतो. हे सरोवर तिबेटात, चीनच्या हद्दीत आहे. तिथे गाइड ठरवून, पाठीवर सॅक टाकून आपलं आपण निघता येत नाही. भारत सरकारच्या यात्रेतून जायचं तर परराष्ट्र मंत्रालयाकडे ऑनलाइन अर्ज, मग सोडत, मग दिल्लीत वैद्यकीय तपासणी आणि त्यानंतर प्रस्थान, असा क्रम असतो.

अर्ज भरायला अर्धा तास पुरतो. माणसं अडतात ती दुसरीकडेच: पासपोर्टची मुदत आणि स्वतःचं वजन. या दोन्ही गोष्टी अर्जाची जाहिरात आल्यावर सुधारायला घेतल्या तर वेळ उरत नाही. २०२५ साली सोडत २१ मे रोजी निघाली आणि जून महिन्यात पहिली तुकडी वाटेला लागलीसुद्धा. म्हणून पुढच्या वर्षी जायचं मनात असेल तर तयारी या वर्षीच सुरू करा, असं मी आग्रहाने सांगेन.

थोडी पार्श्वभूमी

परराष्ट्र मंत्रालय १९८१ पासून ही यात्रा उत्तराखंडातल्या लिपुलेख खिंडीतून नेतं. २०१५ पासून सिक्कीममधल्या नाथू ला खिंडीचा दुसरा मार्ग खुला झाला. २०१७ मध्ये डोकलाम इथे भारत-चीन सैन्यांत झालेल्या तणावामुळे नाथू ला मार्गाची यात्रा थांबवावी लागली होती. २०२० ते २०२४ अशी सलग पाच वर्षं तर यात्रा झालीच नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात ती पुन्हा सुरू झाली. यात्रा होणार की नाही, किती तुकड्या जाणार, हे दर वर्षी दोन्ही देशांच्या संमतीने ठरतं. त्यामुळे मागच्या वर्षीच्या तारखा गृहीत धरून रजा टाकू नका. चालू वर्षाची सूचना मंत्रालयाच्या यात्रेसाठीच्या संकेतस्थळावर येते, तीच ग्राह्य धरायची. पत्ता आहे केएमवाय डॉट जीओव्ही डॉट इन.

कोण अर्ज करू शकतं

अर्जदार भारतीय नागरिक हवा. परदेशी नागरिकांना या यात्रेत घेत नाहीत, आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) असलेल्यांनाही नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर आईवडिलांसोबत त्याला या मार्गाने जाता येणार नाही. घरात बेत ठरवतानाच हे लक्षात घेतलेलं बरं.

वय त्या वर्षीच्या १ जानेवारीला किमान १८ आणि जास्तीत जास्त ७० हवं. अर्जाच्या दिवशीचं किंवा निघायच्या दिवशीचं वय यात धरत नाहीत.

पासपोर्ट त्या वर्षीच्या १ सप्टेंबरला निदान सहा महिने वैध असला पाहिजे. आजच कपाटातून काढून शेवटची तारीख बघा. मुदत काठावर असेल तर नूतनीकरण आधी, अर्ज नंतर. नूतनीकरणात पत्ता बदललेला निघाला, पोलीस पडताळणी लांबली, की महिना कसा जातो कळत नाही. पासपोर्ट मिळाल्यावर नाव, जन्मतारीख आणि शेवटच्या पानावरचे आईवडिलांचे, जोडीदाराचे तपशील अक्षर न अक्षर तपासा, कारण अर्जात हेच उतरवायचं असतं.

चौथी अट बीएमआयची, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाची. तो २५ किंवा त्याहून कमी हवा. हिशेब सोपा आहे: उंची मीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा आणि २५ ने गुणा. येणारा आकडा ही तुमच्या वजनाची वरची मर्यादा. उंची १.६० मीटर असेल तर ६४ किलो, १.७० मीटर असेल तर ७२ किलोंच्या थोडं वर. आपल्याकडे चाळिशीनंतर ‘जरा भरलेली’ म्हणवली जाणारी तब्येत या मर्यादेत सहसा बसत नाही. दहा किलो उतरवायचे असतील तर निरोगीपणे उतरवायला काही महिने लागतात. शेवटच्या पंधरा दिवसांत उपाशी राहून वजन उतरवणं ही फार वाईट युक्ती आहे. तपासणी निभावेलही एखाद वेळी, पण तेच थकलेलं शरीर घेऊन पुढे कैलासाच्या परिक्रमेतली डोल्मा ला ही उंच खिंड चढायची असते.

उच्च रक्तदाब, मधुमेह, दमा, हृदयविकार, अपस्मार यांपैकी काही असेल तर ही यात्रा धोक्याची ठरू शकते. परिक्रमेत डोल्मा ला खिंड ५,६०० मीटरच्या पुढे जाते. तिथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो, म्हणजे दर श्वासाला मिळणारा प्राणवायूही तेवढाच. जवळ मोठं रुग्णालय नाही. आजार लपवून गेलेला माणूस स्वतःबरोबर सगळ्या तुकडीला अडचणीत आणतो. अर्जाआधी आपल्या डॉक्टरांकडून ईसीजी, ट्रेडमिल टेस्ट, रक्तातली साखर, हिमोग्लोबिन, मूत्रपिंड आणि यकृताच्या चाचण्या करून घ्या. दिल्लीत याच धर्तीच्या तपासण्या होतात. घरीच कमतरता कळली तर ती भरून काढायला वेळ मिळतो.

मार्ग कोणता निवडायचा

अर्जात मार्गांचा पसंतीक्रम द्यायचा असतो. हवं तर एकच मार्ग निवडा, हवं तर दोन्ही.

लिपुलेखची वाट टनकपूर, धारचुला, गुंजी, नाभीढांग अशी जाते. पूर्वी धारचुल्याच्या पुढे कित्येक दिवस पायी चालावं लागे. २०२० मध्ये रस्त्याचं उद्घाटन झालं आणि आता बरंच अंतर गाडीने जातं. तरी सुमारे १७,००० फुटांवरची खिंड ओलांडताना चालणं आहेच. नाथू ला मार्ग गंगटोकवरून जातो आणि जवळजवळ सगळा गाडीचा आहे. खर्च मात्र जास्त.

‘आम्ही नाथू लाने जातोय, म्हणजे चालायचं नाही,’ असं बऱ्याच जणांना वाटतं. ते खरं नाही. कैलासाची परिक्रमा दोन्ही मार्गांच्या यात्रेकरूंना सारखीच आहे: पन्नास किलोमीटरहून थोडी अधिक, साधारण तीन दिवसांची, मधल्या दिवशी डोल्मा ला. गाडी तुम्हाला सरोवराच्या काठापर्यंत पोचवेल, परिक्रमेचा चढ ज्याचा त्यालाच चढायचा आहे. शिवाय लिपुलेखच्या वाटेवर उंची हळूहळू वाढते, गुंजीला मुक्काम पडतो आणि शरीर सरावतं. नाथू लाच्या वाटेवरही शेराथांगच्या आसपास सरावाचे मुक्काम आहेत, पण तिबेटच्या पठारावर गाडीने भराभर अंतर कापलं जातं. ज्यांना चालायची सवय आहे त्यांनी पहिली पसंती लिपुलेखला द्यावी, असं माझं मत.

अर्ज भरताना

संकेतस्थळावर स्वतःच्या ईमेलने खातं उघडायचं. एका खात्यातून दोघांचा अर्ज करता येतो आणि दोघांची एकाच तुकडीत निवड व्हावी अशी सोय आहे. पतीपत्नी किंवा दोन मैत्रिणी एकत्र जाणार असतील तर ती वापरा. वेगवेगळे अर्ज करून मग ‘आम्हाला एकत्र टाका’ अशी विनंती करणं कठीण पडतं.

जोडायचं फार नसतं. एक छायाचित्र आणि पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची स्कॅन केलेली प्रत, संकेतस्थळाने सांगितलेल्या आकारात. स्कॅन स्वच्छ हवं. मोबाइलवर काढलेल्या फोटोत प्लास्टिकच्या आवरणावर उजेड चमकून पासपोर्टचा क्रमांक पुसट होतो. अपुरा अर्ज बाद होतो, म्हणून पाठवायच्या आधी दुसऱ्या कुणाला तरी ताडून बघायला द्या. मोबाइल क्रमांक आणि ईमेल चालू असलेलेच द्या, कारण निवडीचा निरोप तिथेच येतो.

२०१५ पासून अर्जापासून निवडीपर्यंतचं सगळं काम संगणकावर चालतं. मंत्रालयाला पत्रं, फॅक्स पाठवायची गरज नाही. ‘दिल्लीत ओळख आहे, तुमचं नाव लावून देतो’ असं म्हणत पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

सोडत

निवड संगणकीय सोडतीने होते. ती यादृच्छिक असते आणि स्त्री-पुरुषांचा समतोल राखला जातो. २०२५ मध्ये ५,५६१ जणांनी अर्ज केले होते, त्यांत ४,०२४ पुरुष आणि १,५३७ स्त्रिया. निवड झाली ७५० जणांची: लिपुलेखमार्गे ५० जणांच्या पाच तुकड्या, नाथू लामार्गे ५० जणांच्या दहा. प्रत्येक तुकडीसोबत जाणारे सरकारचे दोन संपर्क अधिकारीही या ७५० मध्येच धरलेले आहेत. म्हणजे साधारण सात-आठ अर्जांमागे एकाचा नंबर लागला. हे प्रमाण निराश होण्यासारखं नाही.

कैलासाचं बोलावणं यावं लागतं, असं आपल्याकडची जुनी माणसं म्हणतात. ते आलं की लगेच संकेतस्थळावर जाऊन मुदतीत संमती नोंदवायची आणि निश्चितीची रक्कम भरायची. मग मन बदललं तर ही रक्कम परत मिळत नाही. नेमून दिलेला मार्ग आणि तुकडी सहसा बदलत नाहीत. सबळ कारण असेल तर तुकडी बदलून मागता येते, पण जागा रिकामी असली तरच, आणि मंत्रालयाचा निर्णय अंतिम.

दिल्लीला जाताना न्यायची कागदपत्रं

मूळ पासपोर्ट आणि पासपोर्ट आकाराची सहा रंगीत छायाचित्रं. चिनी व्हिसा तुकडीचा एकत्रित असतो आणि मंत्रालयच तो मिळवतं, वेगळी धावपळ करावी लागत नाही.

याखेरीज तीन कागद असे आहेत की ते सही करण्यापूर्वी घरच्यांसोबत बसून वाचावेत. पहिला क्षतिपूर्ती बंधपत्राचा. तो शंभर रुपयांच्या किंवा आपल्या राज्यात लागू असेल त्या रकमेच्या स्टॅम्प पेपरवर करून नोटरी किंवा प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांकडून साक्षांकित करायचा. मुद्रांकाची रक्कम राज्याराज्यांत वेगळी असते, तेव्हा नोटरीला आधी विचारून मगच पेपर घ्या. यात यात्रेतल्या जोखमीची जबाबदारी तुम्ही स्वतःवर घेता. दुसरा कागद आणीबाणीत हेलिकॉप्टरने हलवावं लागलं तर त्याबद्दलच्या हमीचा. आणि तिसरा, चीनच्या हद्दीत मृत्यू आला तर तिथेच अंत्यसंस्कार करण्याच्या संमतीचा.

हा तिसरा कागद हातात आला की घरात शांतता पसरते. पण तो नुसता उपचार म्हणून ठेवलेला नाही. इतक्या उंचीवरून, दोन देशांच्या सीमेपलीकडून पार्थिव परत आणणं जवळजवळ अशक्य असतं. भारताच्या बाजूचा डोंगरही बेभरवशाचा आहे: ऑगस्ट १९९८ मध्ये मालपा इथे दरड कोसळून यात्रेकरूंसह दोनशेहून अधिक माणसं गेली. घरच्यांपासून हा कागद लपवून सही करू नका. जोडीदाराला, मुलांना दाखवा, बोला, बँकेची आणि विम्याची कागदपत्रं कुठे आहेत ते सांगून ठेवा. एवढं मोकळं बोलणं झालं की निघताना मनावर ओझं राहत नाही.

दिल्लीतले दिवस

निघण्याआधी तीन-चार दिवस दिल्लीत हजर व्हावं लागतं. ठरलेल्या दिवशी पोचला नाहीत तर नाव यादीतून जातं. पहिला टप्पा दिल्ली हार्ट अँड लंग इन्स्टिट्यूटमधल्या तपासण्यांचा. तिथे उपाशीपोटी जायचं असतं. मग भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे, म्हणजे आयटीबीपीचे डॉक्टर अहवाल बघून निर्णय देतात. आधीचे अहवाल, चालू औषधांची चिठ्ठी सोबत ठेवा आणि विचारलेलं खरं सांगा. शेवटी मंत्रालयात माहितीसत्र होतं, तिथे आपले संपर्क अधिकारी भेटतात.

दिल्लीत उत्तीर्ण झालं म्हणजे झालं, असं नाही. वर गुंजीला, किंवा नाथू लाच्या वाटेवर शेराथांगला, पुन्हा तपासणी होते. तिथे रक्तदाब चढलेला निघाला तर तिथून परत पाठवतात, आणि भरलेले पैसे परत मिळतील असं धरून चालू नये. हा निर्णय फार जिव्हारी लागतो. तरी डॉक्टरांशी वाद घालू नका. ते हजारो माणसांना त्या उंचीवर बघत आलेले असतात.

खर्च

२०२५ साठी मंत्रालयाने दिलेला अंदाज लिपुलेखमार्गे माणशी १ लाख ७४ हजार रुपये आणि नाथू लामार्गे २ लाख ८३ हजार रुपये असा होता. दिवस अनुक्रमे २२ आणि २१. भारतातली व्यवस्था लिपुलेखच्या बाजूला कुमाऊँ मंडल विकास निगम बघतं, नाथू लाच्या बाजूला सिक्कीमचं पर्यटन महामंडळ. पैसे त्या त्या ठिकाणी टप्प्याटप्प्याने भरायचे असतात. चीनच्या बाजूचं शुल्क अमेरिकन डॉलरमध्ये द्यावं लागतं, म्हणून डॉलरची तजवीज दिल्लीत उतरेपर्यंत व्हायला हवी. घरापासून दिल्लीपर्यंतचं येणंजाणं आणि चांगले बूट, थंडीचे कपडे हा खर्च वेगळा. काही राज्यं आपल्या यात्रेकरूंना अनुदान देतात, उत्तर प्रदेश एक लाख रुपये देतं. आपल्या राज्यात काय आहे ते निघण्यापूर्वीच विचारून घ्या, आणि मंत्रालयाकडून मिळणारी प्रत्येक पावती जपून ठेवा.

सोडतीत नाव आलं नाही तर

पुढच्या वर्षी पुन्हा नव्याने अर्ज करायचा, जुना आपोआप पुढे सरकत नाही. काही जण नेपाळमार्गे खासगी कंपन्यांसोबत जातात. त्या प्रवासाशी परराष्ट्र मंत्रालयाचा संबंध नसतो: बीएमआयची अट नाही, आयटीबीपीचे डॉक्टर नाहीत, संपर्क अधिकारीही नाही. काही कंपन्या काठमांडूहून थोड्याच दिवसांत माणसांना पठारावर नेतात आणि शरीराला सरावायला वेळच मिळत नाही. त्या वाटेने जायचंच असेल तर चौकशी करताना दर विचारण्याआधी एवढं विचारा: वाटेत सरावासाठी किती मुक्काम आहेत, सोबत डॉक्टर आणि प्राणवायूची सोय आहे का, आणि कुणाला खाली उतरवावं लागलं तर ते कोण करणार.